न्यू इंग्लंडमधला मूळपुरुष कसा शोधायचा: घरातल्या बायबलपासून टाउन क्लार्कच्या वहीपर्यंत

१७५८ च्या उन्हाळ्यात बेंजामिन फ्रँकलिन आपल्या मुलाला, विल्यमला, घेऊन इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या एक्टन या खेड्यात गेला. त्याचे वडील जोसाया मूळचे इथले. गावच्या धर्मगुरूच्या पत्नीने चर्चची जुनी वही काढून दाखवली, मग आवारातली फ्रँकलिन घराण्याची थडगी दाखवली. दगडांवर शेवाळ चढून अक्षरं बुजली होती. तिने पाण्याचं भांडं आणि कडक ब्रश मागवला. फ्रँकलिनबरोबर आलेल्या पीटर नावाच्या गुलामाने दगड घासून स्वच्छ केले आणि विल्यमने मजकूर उतरवून घेतला. घरातली टिपणं, चर्चची वही, थडग्यावरचा दगड आणि स्वतः जाऊन पाहणं: आज अमेरिकेतला जुना पूर्वज शोधणारा माणूसही याच वाटेने जातो. म्हणून या लेखात फ्रँकलिन घराण्याचंच उदाहरण वारंवार घेतलं आहे.

मराठी वाचकाला याचा उपयोग दोन ठिकाणी पडतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी घरांत नातवंडांची एक बाजू मॅसॅच्युसेट्स किंवा कनेक्टिकटच्या जुन्या घराण्यांतली असते, आणि वंशवृक्ष काढायची वेळ आली की त्या बाजूला पणजोबांपुढे कागद कोरा राहतो. दुसरे वाचक म्हणजे अमेरिकन मराठी मिशनचा अभ्यास करणारे. १८१३ साली मुंबईत उतरलेल्या गॉर्डन हॉलपासून पुढे नगर, सोलापूर, सातारा भागात काम केलेल्या माणसांची इथली कारकीर्द बरीच सापडते. ती कुठल्या गावातून, कुठल्या घरातून आली, हे विचारलं की वाट अडते.

इथे फक्त न्यू इंग्लंडबद्दल, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड, न्यू हॅम्पशायर, व्हर्मॉन्ट आणि मेन या सहा राज्यांबद्दल, आणि साधारण १६२० ते १८५० या काळाबद्दल लिहितो आहे. व्हर्जिनिया आणि दक्षिणेकडच्या वसाहतींत कारभार काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) आणि पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग) यांच्या हातात होता, त्यामुळे तिथली शोधाची रीत वेगळी.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. आडनावाच्या मागे धावू नका, गावाच्या मागे लागा. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत एकेका घराण्याच्या पिढ्यान्‌पिढ्या ओळीने सापडतात. न्यू इंग्लंडमध्ये घराण्याची वही कुणी ठेवली नाही. ठेवली ती गावाने, त्या गावच्या टाउन क्लार्कने, म्हणजे गावचं दप्तर सांभाळणाऱ्या कारकुनाने, आणि तीत गावातली सगळी घरं एकत्र आली. त्यामुळे तुमचा माणूस कोणत्या वर्षी कोणत्या गावात राहत होता, हे पक्कं झालं की निम्मं काम झालं. ते न ठरवता संगणकावर नुसतं नाव टाकलं, तर एकाच नावाची चाळीस माणसं समोर येतात आणि त्यांतला सगळ्यात प्रतिष्ठित माणूस आपलाच वाटू लागतो.

घरातले कागद

सुरुवात हयात असलेल्या माणसांपासून करा. वय झालेल्या आत्या, मावश्या, चुलत आजोबा काय सांगतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. दुरुस्त्या नंतर. कोणी सांगितलं, कधी सांगितलं, हे बाजूला नोंदवा. घरातल्या आठवणींत वर्षं सरकतात, पण गाठी खऱ्या असतात. फ्रँकलिनने आत्मचरित्रात लिहिलं आहे की वडील पहिली बायको आणि तीन मुलं घेऊन १६८२ च्या सुमारास न्यू इंग्लंडला आले. बायको खरी, तीन मुलंही खरी. मात्र त्यांतलं तिसरं मूल इंग्लंडमध्ये बॅनबरीला जन्मलं ते १६८३ मध्ये, म्हणजे जहाज त्यानंतरच सुटलं. अशा वेळी आठवण खोटी ठरवून टाकून द्यायची नसते. तिला वर्षाचा आधार शोधायचा असतो.

मग कपाटं. कौटुंबिक बायबल सापडलं तर नावांची पानं वाचण्याआधी शीर्षकपान उघडा आणि छपाईचं साल पाहा. बायबल १८२८ चं आणि पहिली नोंद १७६१ ची असेल, तर ती नोंद नंतर कुणीतरी दुसरीकडून किंवा आठवणीतून उतरवली आहे. शाई आणि अक्षरही बघा. पंचवीस वर्षांतल्या आठ जन्मनोंदी एकाच हाताच्या, एकाच शाईच्या असतील, तर त्या एका बैठकीत लिहिल्या गेल्या. पानं वेगवेगळ्या वेळी भरत गेली असतील तर शाईचा रंग बदलतो, अक्षर थकत जातं, शेवटी सुनेचं किंवा मुलाचं अक्षर येतं. अशा पानावर मी जास्त भरवसा ठेवतो. फोटो काढताना शीर्षकपानाचाही काढा.

घरात बायबल नसेल, पण कुणी पूर्वज अमेरिकन क्रांतियुद्धात लढला असेल, तर वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्हजमधली पेन्शनची फाईल जरूर पाहा. १८३६ पासून क्रांतियुद्धातल्या सैनिकांच्या विधवांसाठी कायदे होत गेले. विधवेला आपलं लग्न झाल्याचं सिद्ध करावं लागे, आणि गावात नोंद नसेल तर काही बायकांनी घरच्या बायबलची पानं फाडून अर्जासोबत पाठवली. ती पानं आजही त्या फायलींत आहेत. १८०० साली युद्धखात्याच्या कचेरीला लागलेल्या आगीत त्याआधीचे अर्ज जळाले, हे मात्र ध्यानात ठेवा.

ज्ञातापासून मागे, एकेक पिढी

इथे घाई केली की सगळं बिघडतं. १६२० मध्ये इंग्लंडहून वसाहतकरी घेऊन आलेल्या मेफ्लॉवर जहाजावरच्या १०२ जणांपैकी एखाद्याचं नाव धरून खाली येण्याचा मोह टाळा. आजोबांपासून वर चढा.

जनगणना हा शिडीचा पहिला भाग. १८५० च्या जनगणनेत पहिल्यांदा घरातल्या प्रत्येक मोकळ्या माणसाचं नाव, वय आणि जन्माचं राज्य आलं. १७९० ते १८४० च्या जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं, बाकीची माणसं वयोगटाच्या आकड्यांत. तेवढ्यानेही एक काम होतं: कुटुंब कोणत्या गावात होतं ते कळतं, आणि मुलगे-मुलींचे आकडे पुढे सापडणाऱ्या जन्मनोंदींशी ताडून पाहता येतात. मॅसॅच्युसेट्समध्ये १८४१ पासून राज्यपातळीवर जन्म, लग्न, मृत्यू नोंदवायला सुरुवात झाली. त्यानंतर वारलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या मृत्यूनोंदीत आईवडिलांची नावं मिळाली, तर एका नोंदीत तुम्ही १७७० च्या सुमाराला जाऊन पोचता.

गावाची हद्द आधी, नोंद नंतर

नकाशावर आज जे गाव दिसतं ते त्या काळी नसेलही. डेडहॅम १६३६ मध्ये वसलं, त्याच्या जमिनीतून पुढे मेडफील्ड, रेंथम, नीडहॅम अशी गावं वेगळी झाली. काँकर्डमधून १७५४ मध्ये लिंकन निघालं. माणूस जागेवरून हललाच नाही, तरी त्याच्या नोंदी दोन गावांच्या वह्यांत विभागल्या जातात.

गॉर्डन हॉलचंच बघा. मुंबईत पहिली अमेरिकन मिशन सुरू करणाऱ्यांपैकी तो एक, १८२६ मध्ये नाशिकच्या बाजूला पटकीने वारला. त्याचं जन्मगाव मॅसॅच्युसेट्समधलं टॉलंड असं सर्वत्र लिहिलेलं असतं. पण जन्म १७८४ चा, आणि टॉलंड स्वतंत्र गाव झालं ते १८१० मध्ये. त्याआधी तो भाग ग्रॅनव्हिल गावात मोडत असे. काउंटीही बदलली: हॅम्पडेन काउंटी १८१२ मध्ये हॅम्पशायर काउंटीतून निघाली. म्हणजे त्याच्या घराण्याचा शोध घेणाऱ्याने गावच्या नोंदींसाठी ग्रॅनव्हिल आणि काउंटीच्या नोंदींसाठी हॅम्पशायर ही नावं धरायला हवीत.

याहून मोठे बदलही झाले. प्लिमथ ही वेगळी वसाहत होती, १६९१ च्या सनदेने ती मॅसॅच्युसेट्समध्ये आली. मेन १८२० पर्यंत मॅसॅच्युसेट्सचाच भाग होतं. फ्रँकलिनची आई अबाया फोल्जर १६६७ मध्ये नँटकेट बेटावर जन्मली, तेव्हा ते बेट न्यूयॉर्कच्या अमलाखाली होतं. न्यू हॅम्पशायरमध्ये १७७० च्या आसपासपर्यंत काउंट्याच नव्हत्या, त्यामुळे त्याआधीची खरेदीखतं आणि वारसाची प्रकरणं सगळ्या प्रांताची एकत्र आहेत. म्हणून प्रत्येक गावासाठी एक छोटा तक्ता करा: स्थापना कधी, कोणत्या गावातून निघालं, कोणत्या साली कोणत्या काउंटीत होतं. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि त्याने पुढची कित्येक आठवड्यांची भटकंती वाचते.

टाउन क्लार्कची वही

इंग्लंडमध्ये १५३८ पासून चर्च बाप्तिस्मा, लग्न आणि दफन नोंदवत असे. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने १६३९ मध्ये वेगळा मार्ग घेतला. चर्चच्या विधीऐवजी जन्म, लग्न, मृत्यू यांची नोंद सरकारी दप्तरात व्हावी असं ठरलं. त्या प्युरिटन लोकांच्या लेखी लग्न हा नागरी करार होता, आणि सुरुवातीच्या दशकांत लग्न लावत ते न्यायदंडाधिकारी. म्हणून १६६० च्या लग्नात धर्मगुरूचं नाव नाही याचं नवल वाटू देऊ नका.

या नोंदींपर्यंत पोचायचे सोपे मार्ग तयार आहेत. मॅसॅच्युसेट्समध्ये १९०२ च्या कायद्यानंतर अनेक गावांच्या १८५० पर्यंतच्या नोंदी छापल्या गेल्या. कनेक्टिकटसाठी हार्टफर्डच्या स्टेट लायब्ररीत बार्बर संग्रह आहे, ऱ्होड आयलंडसाठी जेम्स आर्नल्डने केलेलं संकलन आहे. बॉस्टनची न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटी १८४५ पासून हेच काम करते आहे, तिच्या संकेतस्थळावर वर्गणी भरून बरंच पाहता येतं. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट खातं उघडून मूळ वह्यांची छायाचित्रं पाहता येतात.

छापील पुस्तक हे मात्र दार समजा, घर नव्हे. त्या पुस्तकांत नावं अकारविल्हे लावली आहेत, आणि त्यामुळे मूळ पानावरचा क्रम मोडला आहे. मूळ वहीत अनेकदा एका जोडप्याची सात मुलं एकाखाली एक, एकाच दिवशी लिहिलेली दिसतात. बाप नव्याने गावात राहायला आला आणि त्याने सगळ्यांची नावं क्लार्कला सांगितली, असा त्याचा अर्थ असू शकतो. मग थोरली चार मुलं आधीच्या गावात जन्मली असणार, आणि तुम्हाला मागचं गाव शोधण्याचा धागा मिळाला. छापील पुस्तकात ही सातही मुलं इथेच जन्मल्यासारखी दिसतात.

लग्नाच्या नोंदीत एक भेद पाळा. लग्नाआधी तो इरादा जाहीर करावा लागे, आणि तो बहुधा वधू-वर दोघांच्याही गावांत लिहिला जाई. इराद्याची तारीख ही लग्नाची तारीख नव्हे. पण मुलीचं माहेर कोणतं, हे इराद्यावरून जितकं सहज कळतं तितकं दुसऱ्या कशावरूनही क्वचितच कळतं.

आणखी एक गोष्ट. छापील पुस्तकांच्या शेवटी कृष्णवर्णीय माणसांच्या नोंदी पुष्कळदा वेगळ्या विभागात ढकललेल्या असतात, आणि तिथे आडनावं क्वचितच दिसतात. एक्टनमध्ये दगड घासणाऱ्या पीटरसारख्या माणसांचा माग काढायचा तर मालकाच्या मृत्युपत्रात, मालमत्तेच्या यादीत आणि चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत शोधावं लागतं. असा पूर्वज शोधणाऱ्याने हा विभाग आधी उघडावा.

तारखांचा घोळ

या एका ठिकाणी सगळ्यात जास्त वंशावळी चुकतात, म्हणून थांबून समजून घ्या.

१७५२ पर्यंत इंग्लंड आणि त्याच्या वसाहती जुलियन कालगणना वापरत होत्या, आणि कायद्याने नवं वर्ष सुरू होई २५ मार्चला. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले २४ दिवस हे सरत्या वर्षाचे. समजा वहीत लग्न १० मे १६८९ ला आणि पहिलं मूल २० फेब्रुवारी १६८९ ला लिहिलं आहे. आजच्या डोळ्यांनी वाचलं तर मूल लग्नाआधीचं वाटतं, आणि कुणीतरी लगेच पहिल्या बायकोची कल्पना लढवतो. खरं तर ती फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १६९० ची, लग्नानंतर नऊ महिन्यांनी आलेली. गोंधळ टाळायला काही क्लार्क दोन्ही वर्षं लिहीत: १६८९/९०. तुम्हीही तसंच लिहा.

फ्रँकलिनचा जन्म बॉस्टनमध्ये जुन्या गणनेने ६ जानेवारी १७०५/६ चा. त्या दिवशी रविवार होता, आणि त्याच दिवशी समोरच्या साउथ चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. आज आपण त्याची जयंती १७ जानेवारी १७०६ मानतो, कारण दोन्ही गणनांत तेव्हा ११ दिवसांचं अंतर होतं. १७५२ च्या सप्टेंबरात २ तारखेनंतर एकदम १४ तारीख आली. माझा सल्ला असा की दिवस बदलू नका. वर्ष दुहेरी लिहा आणि तारीख मूळ वहीत आहे तशीच ठेवा. रूपांतर केलेली आणि न केलेली तारीख एका वंशावळीत मिसळली की नंतर ती कुणालाच वेगळी करता येत नाही.

काही नोंदींत महिन्यांची नावं नसतात, नुसते आकडे असतात. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक तर नावं कटाक्षाने टाळत. १७५२ पूर्वी पहिला महिना म्हणजे मार्च, बारावा म्हणजे फेब्रुवारी. कुठे ‘७बर’ असं दिसलं तर तो सप्टेंबर, ‘८बर’ म्हणजे ऑक्टोबर.

चर्च आणि गावसभा

चर्चच्या नोंदी गावच्या वहीतली भोकं भरून काढतात. सभासद म्हणून प्रवेश, मुलांचा बाप्तिस्मा, आणि दुसऱ्या गावी जाताना दिलेली शिफारस या तीन गोष्टी शोधा. त्या शिफारशीत कोणत्या गावच्या चर्चकडे पाठवलं ते असतं, म्हणजे स्थलांतराचा लेखी पुरावा. एकाच दिवशी पाच भावंडांचा बाप्तिस्मा दिसला तर ती जुळी-तिळी नाहीत. आई किंवा बाप त्या सुमारास सभासद झाला, किंवा स्वतःचा बाप्तिस्मा झालेल्या, पण पूर्ण सभासद नसलेल्या आईबापांसाठी १६६२ मध्ये मान्य झालेल्या सवलतीखाली त्यांनी मुलांना आणलं.

गावसभेचं इतिवृत्त वाचायला कंटाळवाणं वाटतं, पण त्यात माणूस चालताबोलता भेटतो. कुंपणं तपासणारा म्हणून कुणाला नेमलं, सभागृहात कुणाला कोणत्या बाकावर जागा दिली, सामाईक जमिनीचा वाटा कुणाला मिळाला. गुराढोरांच्या कानांवरच्या खुणाही गावच्या दप्तरात लिहिलेल्या असतात. एखादी खूण बापाकडून मुलाकडे गेल्याची नोंद सापडली तर जन्मनोंद नसतानाही नातं जुळतं.

गावाबाहेर काढण्याच्या नोटिसा हा एक दुःखद, पण मोठ्या उपयोगाचा कागद. नव्याने आलेलं कुटुंब पुढे गरिबीत पडलं तर पोसण्याची जबाबदारी गावावर येऊ नये, म्हणून त्यांना निघून जाण्याची सूचना दिली जाई. प्रत्यक्षात पुष्कळ लोक तिथेच राहत. त्या नोटिशीत नवरा, बायको, मुलं यांची नावं आणि ते कोणत्या गावातून आले हे असतं. जमीन नसलेल्या, मृत्युपत्र न केलेल्या माणसाबद्दल कधीकधी एवढाच एक कागद उरतो. मला तो वाचताना नेहमी त्या कुटुंबाची कीव येते, आणि त्या क्लार्कचे आभारही मानावेसे वाटतात.

मृत्युपत्रं आणि खरेदीखतं

जन्मनोंदी संपतात तिथे मालमत्तेचे कागद कामाला येतात. मॅसॅच्युसेट्समध्ये १६४३ पासून काउंट्या आहेत, आणि वारसाची प्रकरणं तसंच खरेदीखतं काउंटीच्या पातळीवर ठेवली गेली. कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड आणि व्हर्मॉन्टमध्ये खरेदीखतं गावच्या क्लार्ककडे असतात. हा फरक माहीत नसल्याने बरेच जण चुकीच्या कचेरीला पत्र लिहितात.

वारसाच्या प्रकरणात नुसतं मृत्युपत्र पाहून थांबू नका, संपूर्ण फाईल मागवा. मृत्युपत्रात बाप ज्या मुलाला आधीच जमीन देऊन बसला आहे त्याचं नाव नसूही शकतं. मृत्युपत्र नसलेली प्रकरणं तर जास्त बोलकी असतात, कारण तिथे वाटणी कायद्याने झाली. विधवेला आयुष्यभरासाठी स्थावराचा एक तृतीयांश, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये थोरल्या मुलाला इतरांच्या दुप्पट. वाटणीच्या कागदात लग्न झालेल्या मुली नवऱ्यांच्या नावांनिशी येतात. अल्पवयीन मुलांसाठी पालक नेमलेला असेल तर लक्षात ठेवा, १४ वर्षांवरचं मूल आपला पालक स्वतः निवडू शके. तेवढ्यावरून वयाचा अंदाज बांधता येतो. पालक बहुधा मामा, काका किंवा आईचा नवा नवरा असतो.

मालमत्तेची यादी शेजारचे दोन-तीन जण घरात फिरून करत. एकेका खोलीतल्या वस्तू ओळीने येतात: पलंग आणि त्यावरची गादी, पितळी भांडी, चरखा, एक बायबल आणि काही जुनी पुस्तकं, मग गोठा, बैलांची जोडी, धान्य, शेताचे तुकडे, देणी. यादी करणाऱ्यांची नावं उतरवून घ्या, ते पुष्कळदा सोयरे निघतात.

खरेदीखतांना विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या नावांच्या दोन वेगळ्या सूची असतात. दोन्ही पाहा. ‘माझ्या वडिलांकडून मला मिळालेली जमीन’ असं एक वाक्य सापडलं की एक पिढी पक्की झाली. चतुःसीमेतले शेजारी नोंदवा. विक्रीच्या वेळी बायको आपला हक्क सोडून सही करते, तिथे तिचं नाव मिळतं. एका खतावर पाच-सहा जण मिळून जमिनीचा वाटा विकत असतील तर ते बहुतेक भावंडं आणि जावई असतात, एका मेलेल्या बापाचे वारस.

एका नावाची दोन माणसं

१७०० च्या गावात एका नावाचे तीन-तीन जण सहज असत. वहीत सीनियर आणि ज्युनियर लिहिलेलं असलं तरी ते बाप-लेक असतीलच असं नाही. काका-पुतणे किंवा अगदी परके दोघेही असू शकतात. थोरला वारला की धाकटा सीनियर होतो, म्हणजे एकाच माणसाची खूण मध्येच बदलते. नात्यांचे शब्दही सैल होते. त्या काळी ‘कझिन’ पुतण्याला किंवा भाच्यालाही म्हणत, आणि ‘मदर-इन-लॉ’ म्हणजे सावत्र आईही असे.

मेलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला देण्याची रीत सर्रास होती. जोसाया फ्रँकलिनला पहिल्या पत्नीपासून जोसेफ नावाचे दोन मुलगे झाले, दोघंही तान्हेपणी गेले. दुसऱ्या जोसेफच्या वेळी, १६८९ च्या जुलैत, ती पत्नी वारली आणि नोव्हेंबरात जोसायाने अबाया फोल्जरशी लग्न केलं. मोठा परिवार आणि लहान मुलं असलेल्या घरात इतक्या लवकर दुसरं लग्न होणं तेव्हा नेहमीचं होतं. म्हणून जोसायाच्या सतरा मुलांसारखी यादी पाहून एकच आई गृहीत धरू नका. धंद्यावरूनही माणूस नाकारू नका. जोसाया इंग्लंडमध्ये रंगारी होता, बॉस्टनमध्ये त्या धंद्याला गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून तो चरबीच्या मेणबत्त्या आणि साबण करू लागला.

अशा नामसाधर्म्यावर एकच इलाज मला भरवशाचा वाटतो. प्रत्येक माणसाचा वेगळा कागद करा, आणि त्यावर बायको, शेताची जागा, धंदा, शेजारी, साक्षीदार, सही की नुसती खूण, हे तारखेनुसार लिहीत जा. सही करणारा आणि फुली मारणारा एकच माणूस क्वचितच असतो, अपवाद म्हातारपणाचा.

दगडही चुकतो

बॉस्टनच्या ग्रॅनरी दफनभूमीत फ्रँकलिनने आपल्या आईवडिलांसाठी संगमरवरी दगड बसवला. त्यावर वडिलांचा जन्म १६५५, मृत्यू १७४४, वय ८९ असं होतं. एक्टनच्या नोंदीप्रमाणे जोसायाचा जन्म मात्र डिसेंबर १६५७ चा. मृत्यू जानेवारी १७४४/५ चा, म्हणजे वय ८७. पूर्वजांची एवढी आस्था असलेल्या मुलाने स्वतः कोरवून घेतलेल्या मजकुरात दोन वर्षांचा फरक पडला. शिवाय तो मूळ दगड झिजला, आणि आज तिथे १८२७ मध्ये उभारलेला ग्रॅनाइटचा स्तंभ आहे, जुना मजकूर पुन्हा कोरलेला. तेव्हा दगड वाचताना दोन प्रश्न विचारा: माहिती कोणी दिली, आणि हा दगड बसवला कधी? मृत्यूची तारीख देणारा माणूस मृत्यूच्या वेळी हजर होता. जन्माची तारीख त्याने ऐकलेली असते.

समुद्रापलीकडे

१६२० ते १६४० या काळात सुमारे २०,००० लोक न्यू इंग्लंडला आले. त्यांतला आपला माणूस इंग्लंडच्या कोणत्या गावचा, हे नावाच्या साम्यावरून ठरवू नका. नॉरफोकमध्ये त्याच नावाचा बाप्तिस्मा सापडला, तरी तो मुलगा तिथेच वारला नाही किंवा तिथेच लग्न करून राहिला नाही, हे आधी तपासावं लागतं. सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे इंग्लंडमध्ये राहिलेल्या बापाचं, काकाचं किंवा बहिणीचं मृत्युपत्र, ज्यात न्यू इंग्लंडमधल्या नातलगाला काही ठेवलं आहे. त्या पहिल्या पिढीवर रॉबर्ट चार्ल्स अँडरसनने केलेलं काम आधी पाहा. एकोणिसाव्या शतकात छापलेल्या घराण्यांच्या इतिहासांत राजघराण्याशी जोडलेले दुवे फार सैल आहेत, आणि गुस्ताव्ह आंजूसारख्या माणसाने पैसे घेऊन खोट्या वंशावळी तयार करून विकल्याचं सिद्ध झालं आहे. त्या अजूनही संगणकावर फिरतात. घराण्याचं मानचिन्ह दाखवणाऱ्या वंशावळीला तर आधी कागद विचारा.

डीएनए चाचणी शेवटी ठेवा. आठ-दहा पिढ्यांमागच्या एकेका पूर्वजाचा वाटा इतका थोडा उरतो की साधी चाचणी बरेचदा गप्प बसते. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी दोन घराणी वेगळी आहेत की एक, एवढं मात्र चांगलं सांगते.

एक वाट आखून पाहू

सिंथिया फॅरर या बाईंचं नाव नगरकरांना परिचित आहे. १८२७ मध्ये त्या मुंबईत आल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, जोतीराव फुल्यांनी त्यांची शाळा पाहिली होती, आणि १८६२ मध्ये त्या नगरलाच वारल्या. जन्म १७९५ चा, न्यू हॅम्पशायरमधल्या मार्लबरोचा. त्यांच्या घराण्याकडे जायचं तर पहिली पायरी म्हणजे मिशनरी पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्ड या संस्थेची कागदपत्रं, जी हार्वर्डच्या ह्यूटन लायब्ररीत आहेत. मग मार्लबरोची गावची वही. इथे सांभाळा: मार्लबरो नावाचं गाव मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट आणि व्हर्मॉन्टमध्येही आहे. न्यू हॅम्पशायरचं मार्लबरो आधी मोनॅडनॉक नंबर ५ म्हणून ओळखलं जाई आणि १७७६ मध्ये रीतसर गाव झालं. त्याआधीच्या कागदांत नुसतं मार्लबरो शोधून भागणार नाही. काउंटी चेशायर, कचेरी कीन गावात. तिथे पहिले वसाहतकरी मोठ्या प्रमाणावर मॅसॅच्युसेट्समधून, त्यांतले बरेच तिथल्या मार्लबरोमधून आले. म्हणून पुढचा धागा खरेदीखतांत: जमीन घेताना बापाने स्वतःला कोणत्या गावचा म्हटलं आहे? तिथून ते गाव, त्याचं चर्च, तिथलं वारसाचं प्रकरण, आणि पुन्हा तीच फेरी एक पिढी मागे.

गावच्या क्लार्कला पत्र किंवा ईमेल पाठवाल तेव्हा लहान गावात ती व्यक्ती एकटीच कचेरी सांभाळते हे लक्षात असू द्या. ‘अमुक घराण्याची सगळी माहिती पाठवा’ असं लिहू नका. एक नाव, एक घटना, पाच वर्षांची मर्यादा, आणि तुम्ही आधी कोणती छापील पुस्तकं पाहिली, एवढं चार ओळींत लिहा. शुल्क किती आणि कसं भरायचं ते विचारा. प्रमाणित प्रतीपेक्षा मूळ पानाची साधी छायाप्रत मागा, आणि शक्य असेल तर संपूर्ण पानाची. प्रमाणित प्रत बहुधा नव्याने टंकलेली असते. तीत क्लार्कचं अक्षर, खोडाखोड आणि वरखाली लिहिलेली शेजारची माणसं दिसत नाहीत.